कमळी गेली त्या वाटेनं

पालघर
१८ फेब्रुवारी १९६६

प्रिय हंसा,

दिवाळीनंतर तू दवाखान्यातली नोकरी सोडून नाशिकला भावाकडे गेलीस. तेव्हापासून मी तुला जी पत्रं लिहिली त्यांत हवापाण्याशिवाय काही नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तुझ्या उत्तरांतही नव्हतं. संगमनेरच्या शाळेत एका बाकावर बसून एकमेकींच्या दप्तरात चिंचा लपवणाऱ्या आपण दोघी, आणि लिहितो काय, तर ‘थंडी बरी आहे, प्रकृतीस जपावे’. आज तसं लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. पत्र लांबेल. वहिनी जवळ नसताना, दार लोटून वाच.

आम्ही गाडी घेऊन समुद्राकाठानं गेलो होतो. तुमच्या दवाखान्याची ती जुनी अँब्युलन्स लिलावात निघाली आणि ह्यांनी, तुझ्या भावोजींनी, घेतली, एवढं तुला माहीत आहे. पुढचं माहीत नसेल. तारापूरला वीज-कारखान्याच्या बांधकामावर दिवसभर ट्रक दुरुस्त करून यायचे आणि आल्या आल्या अंगणात त्या गाडीखाली शिरायचे. तिथल्या एका गोऱ्या इंजिनिअरच्या मासिकात त्यांनी चित्र पाहिलं होतं. नवरा-बायको, गाडीतच बिछाना, गाडीतच चूल, आणि समोर समुद्र. तशीच करायची म्हणाले. बाहेरून सायीच्या रंगाचा हात दिला, आत फळ्या ठोकून पलंग केला, स्टोव्हला पत्र्याचा कोनाडा केला, मी निळे पडदे शिवले. वैशाखात आपल्याकडे जे झालं त्यानंतर ते घरात बोलायचे फक्त मीठ-मिरचीपुरतं. बाळाचा विषय निघाला की पान्हा उचलून बाहेर जायचे. म्हणून गाडीत जाऊ म्हणाले तेव्हा मी लगेच हो म्हटलं. वाटलं, चार भिंती नसल्या तर हा माणूस बोलेल.

संक्रांत झाल्यावर निघालो. पहिला मुक्काम केळव्याला, दुसरा शिरगावला. हंसा, इतकी वर्षं या भागात राहून मी समुद्र असा पाहिलाच नव्हता गं. ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की वाटावं, आता परत यायचं नाही. ओल्या वाळूत आभाळ उतरलेलं असतं आणि त्यावरून चालताना आपण कुठे पाय ठेवतो आहोत ते कळत नाही. शिरगावला किल्ल्याच्या अलीकडे गाडी लावली. मी भाकऱ्या थापल्या, तुझ्या भावोजींनी बांगडे भाजले. कितीतरी महिन्यांनी ते हसले. पण मला एक गोष्ट तिथेच जाणवली होती. वाळूवर खेळणारी पोरं गाडी दिसताच पळाली. नवी गाडी पाहून पोरं पळत येतात, तशी नव्हे. लांब, घराकडे पळाली. एका बाईनं कडेवरच्या लेकराचं तोंड पदरानं झाकलं आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. हे म्हणाले, लाजतात बिचारे. मीही तसंच मानलं.

आणखी एक होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. मागच्या दाराचं रबर जुनं झालंय. दिवस मावळताना खारा वारा सुटला की त्या फटीतून बारीक आवाज यायचा. लांबवर, बंद खोलीत कुणी तान्हं रडावं तसा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या हातातलं पीठ खाली पडलं. मी फटीत फडकं कोंबलं. आवाज थांबला, तरी मी ऐकतच राहिले. आणि त्याच वेळी, ऊन तिरकं पडलं होतं ना, गाडीच्या अंगावर नव्या रंगाखालून जुना क्रॉस उमटलेला दिसला. भर दुपारी शोधलास तर सापडणार नाही. मावळतीला मात्र स्पष्ट दिसायचा.

मग मागे फिरून बोईसरवरून नवापूरला गेलो. तिथं सुरूच्या बनात, अगदी वाळूला लागून, गाडी लावली. एका बाजूला बोंबील वाळत घातलेले बांबूचे मांडव, दुसऱ्या बाजूला मोकळा किनारा, त्याला अंतच नाही. माणूस मात्र फिरकेना. होड्या यायच्या, बाया टोपल्या घेऊन धावायच्या, पण आमच्या बाजूनं कुणी जायचं नाही; मोठा वळसा घालून जायच्या. मी मासळी घ्यायला गेले तर एकीनं पापलेटं माझ्या पिशवीत टाकली, आणि पैसे माझ्या हातातून न घेता खाली वाळूवर ठेवायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागचं दार उघडलं तर पायरीवर केळीच्या पानात दहीभात, आणि शेजारी कडुनिंबाचा कोवळा डहाळा. भात ताजा होता, दही गोड होतं. हे म्हणाले, बघ, लोक बोलत नसले तरी पाहुण्याची काळजी आहे. आणि हंसा, मी तो भात खाल्ला. वाळूवर पाय सोडून बसले आणि सगळा खाल्ला. वैशाखापासून अन्नाला चव लागत नव्हती, त्या दिवशी लागली. तू आजाऱ्यांत वावरलेली, तुला वाचताच कळलं असेल दहीभात आणि कडुनिंब कुणापुढे ठेवतात ते. मला कळलं नाही. तिसऱ्या दिवशीही पान आलं, आणि मी तेही खाल्लं.

त्या दिवशी दुपारी हे पाण्यात उतरले होते. मी गाडीत पडले होते. उठले तर मागच्या दारात एक बाई उभी. माझ्याहून थोडी मोठी असेल. कोळणीसारखं कासोट्याचं लुगडं, हातात रिकामं पान. आत वाकून पलंगाखाली बघत होती, कोपऱ्यात बघत होती. मी ओरडायच्या आधीच ती म्हणाली, “बाय, भिऊ नको. माजी पोर ह्याच गाडीत गेली. मी बगाया आलंय.”

तिचं नाव पारू. सगळं तिनं दारात उभं राहूनच सांगितलं. तीन वर्षांपूर्वी त्या सगळ्या किनाऱ्याला देवीची साथ आली. तिची कमळी, चार वर्षांची, अंगभर फोड. दवाखान्याची गाडी आली आणि कोळीवाड्यातली तापलेली माणसं घेऊन गेली. पारूच्या अंगावर तान्हा मुलगा होता, त्याला लागण होईल म्हणून तिला गाडीत चढू दिलं नाही. नवरा जिव्या होडीवर होता. तो आला, पायी पालघरला गेला, तेव्हा दवाखान्याच्या फाटकावरूनच त्याला सांगितलं की पोर गेली, पुरलं. गाडीतून गेलेल्यांतलं एकच माणूस परत आलं. तेव्हापासून त्या आकाराची गाडी दिसली की पोरं लपतात. साथ संपली, गाडी यायची बंद झाली, पण पारू वाट बघत राहिली. म्हणाली, “माणसं म्हनतात मेली. मेली असंल. पन मी बगितली नाय ना.” आम्ही रंग दिला होता तरी मावळतीला तिनं लांबून क्रॉस ओळखला. देवी आलेल्या लेकराला थंडाव्याला देतात तसा तो भात तिनं कमळीसाठी ठेवला होता.

मी म्हटलं, पारूबाई, तो भात मी खाल्ला. मला वाटलं ती शिव्या देईल. ती म्हणाली, “बरा जाला. कोनाच्या तरी पोटात गेला.”

हे पाण्यातून आले आणि ऐकताच त्यांचा चेहरा उतरला. मला म्हणाले, आवर, निघू. त्यांनी सामान आत फेकलं, इंजिन सुरू केलं. तेवढ्यात पारू आत चढली आणि पलंगावर बसली. हे म्हणाले, बाई, उतरा. ती म्हणाली, “तवा मला चढू नाय दिला. आता उतरनार नाय.” हे दार धरून उभे राहिले. मग त्यांनी इंजिन बंद केलं आणि वाळूत जाऊन बसले. बऱ्याच वेळानं आले आणि तिला म्हणाले, “कुठं जायचंय सांगा. मी नेतो.” तिला कुठं जायचं असणार! पोर गेली त्या वाटेनं जायचं होतं.

पुढे चिंचणी, डहाणूला जायचं होतं, ते राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा सासूजवळ ठेवून पारू आली, आणि आम्ही नवापूरहून परत फिरलो. ती पलंगावर उताणी निजली. मी शेजारी बसले. सबंध वाट ती वर छताकडे बघत होती. मला विचारायची, आता काय आलं? मी पडदा सरकवून सांगायची, बोईसर आलं, बाजार आला. ट्रकांची रांग होती, धूळ आत येत होती. ती म्हणाली, “तिला भाईर दिसला नसंल.” उमरोळीपाशी फाटक बंद होतं. मालगाडी जाईपर्यंत थांबलो. गाडी थांबली तशी पारू उठून बसली आणि माझा हात धरला. “हितं थांबली असंल का गं तवा बी?”

त्या फाटकापाशी तिनं तुझं नाव घेतलं. म्हणाली, सोबत एक नर्सबाई होती. तिनं कमळीला फळीवर निजवलं नाही, मांडीवर घेतलं. “मी नाव इचारून ठेवला. हंसाबाय. मनात म्हनला, उद्या कोनाला इचारायचा तर नाव पायजे.” हंसा, पुढे स्टिअरिंगवर बसलेल्या तुझ्या भावोजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही एकच आठवलं. गाडी घ्यायची ठरवली तेव्हा तू म्हणाली होतीस, घेऊ नका, तिचं इंजिन गेलंय. इंजिन उत्तम होतं. हे मला हसून म्हणाले होते, तुझ्या मैत्रिणीला मोटारीतलं काय कळतं.

पालघरला दवाखान्यात कुणाला काही सांगता येईना. माणसं बदललीत. एवढंच कळलं, की साथीत गेलेली माणसं मागच्या मोकळ्या रानात, कुंपणाला लागून, एकाच ठिकाणी पुरली. तिथं आता गवत आणि चार बाभळी आहेत. पारू गेली आणि उन्हात खाली बसली. रडली नाही. जमिनीवर तळहात टेकवून बसून राहिली, तापलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवतात तसा. मी तिच्यामागे उभी होते. मग हे माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “आपलं त्या कडेच्या बाभळीखाली आहे. मीच नेलं होतं.” मला ठाऊकच नव्हतं गं. इतके महिने रोज त्या रस्त्यानं मी भाजी आणायला जात होते. ते त्या झाडाशी जाऊन खाली बसले आणि पहिल्यांदा रडले, पारूच्या देखत, लहान मुलासारखे. पारू उठली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

त्या दिवशी संध्याकाळी तिला नवापूरला पोचवलं. जिव्या वाळूवर उभा होता. गाडीजवळ आला नाही, पण आम्ही वळून निघालो तेव्हा त्यानं हात जोडले. आता हे आणि मी बोलतो. फार नाही, पण बोलतो. रविवारी नवापूरला जातो, सुरूच्या बनात गाडी लावतो. पोरं अजून लांबच असतात. पारूचा मुलगा तेवढा येतो आणि भोंगा वाजवतो. फटीत मी आता फडकं कोंबत नाही. मावळतीला तो आवाज येतो तेव्हा हे हातातलं काम खाली ठेवतात, आणि मला कळतं, त्यांनाही तो ऐकू येतो.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. पारूनं मला एक गोष्ट विचारली आणि मी शब्द दिला. तिचा कुणावर राग नाही. पोर कशी गेली हेही तिला नको आहे. तिला इतकंच हवंय, “वाटंत पानी मागलं का तिनी? कोनी दिलं का?” हे जगात फक्त तुला माहीत आहे. तू नोकरी का सोडलीस ते मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही. पण ये. पत्रात लिहू नकोस. तिला वाचता येत नाही, आणि मला ते तिला वाचून दाखवायचं नाही. तू तिच्यासमोर बसून सांग, जे असेल ते. आणि तिचं सांगून झालं की मला थोडं बाजूला घे. वैशाखात बाळंतपणाच्या त्या खोलीत मी गुंगीत होते, तू माझ्या उशाशी होतीस. सगळे म्हणाले, जन्मतःच गेलेलं होतं. तूही तेच म्हणालीस, पण माझ्याकडे न बघता. हंसा, माझं बाळ रडलं होतं का गं? हो म्हणालीस तरी मी मोडणार नाही. त्याचा आवाज माझा मला ओळखू यावा, एवढंच.

उत्तराची नव्हे, तुझीच वाट बघणारी,
तुझीच,
सुगंधा