अकरावा नियम

सर, तुमचं कपाट आता माझ्याकडे आलं आहे. तुम्ही गेल्याला बारा वर्षं होत आली, तरी वसमतच्या आपल्या कॉलेजात ते उघडायची कोणाची हिंमत नव्हती. मेलेल्या माणसाची एवढी दहशत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. यंदा संशोधन पत्रिकेचं संपादन माझ्या गळ्यात पडलं, म्हणून किल्ली मिळाली. वरच्या कप्प्यात तुमची स्टीलची पट्टी होती. तिनं तुम्ही आमच्या लेखांचे समास मोजायचात, डावीकडे दीड इंच, उजवीकडे एक. जरा कमी भरलं की कागद व्हरांड्यात भिरकवायचात आणि आम्ही एमए झालेली माणसं वाकून वाकून ते गोळा करायचो. एकदा मी संदर्भसूचीत प्रकाशनाचं वर्ष विसरले, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालात, "हळद निवडणारीच्या पोटी जन्मलं की असंच होतं. बाई, इथं ढीग लावून चालत न्हाई." सगळे हसले. मीही हसले, कारण न हसण्याची सोय नव्हती.

आणि त्याच हळद निवडणारीच्या स्वयंपाकघरात, आमच्या गावी हट्ट्याला, तुम्ही अख्खी दुपार पाटावर बसला होतात. ती दुपार मला अजून दिसते. आई भाकरी थापते आहे, तुम्ही डायरी उघडली आहे, आणि मी खुळी खूश आहे, की माझ्या लेखासाठी सर एवढ्या उन्हाचे इथवर आले. विषय माझा होता, हळदीच्या खळ्यावर बाया आपसात वापरतात ते शब्द. आई सांगत होती, की जास्त शिजलेलं हळकुंड वरून धड दिसतं पण दाबलं की त्याचा भुगा होतो, त्याला तिनं गमतीनं 'सासुरवाशीण' म्हटलं आणि मग सगळ्याच बाया तसं म्हणू लागल्या. "मावशी, हा शब्द तुमचाच?" तुम्ही विचारलंत. "व्हय, माहाच. काहून, चुकला का?" "चुकला न्हाई, लाखातला आहे." तुम्ही तीन भाकरी खाल्ल्यात, ठेचा मागून घेतलात. निघताना आई पदर सावरत म्हणाली, "सर, पुस्तकात माहं नाव येईन का वो?" तुम्ही चपला घालत म्हणालात, "येईल की."

मी लेखाच्या सूचीत शेवटी तिचं नाव लिहिलं. नाव, गाव, काम. तुम्ही त्यावर लाल रेघ मारलीत. तोंडी माहिती सूचीत बसत नाही म्हणालात, आणि 'लेखकांसाठी सूचना' या पानाची झेरॉक्स माझ्यापुढे टाकलीत. त्यात दहा नियम होते आणि खाली कोरी जागा. माझा लेख तुम्ही अडकवून ठेवलात. पुढच्या अंकात तुमचा आला, आणि त्यात आईचा शब्द होता, तुम्हाला सापडलेला शब्द म्हणून. मला पेढा देत म्हणालात, "आता छापील संदर्भ झाला. आता खुशाल द्या." मी दिला. माझ्या प्रबंधात माझ्याच आईच्या शब्दाखाली तुमचं नाव आहे, आणि पुढे पानभर 'तत्रैव, तत्रैव', म्हणजे वर ज्याचं नाव तोच. बांधलेला प्रबंध घरी नेला. आईला वाचता येत नाही, साक्षरता वर्गात स्वतःचं नाव तेवढं ओळखायला शिकली होती. तिनं हात धुऊन सूची उघडली आणि प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेली. मग पुन्हा पहिल्यापासून. "न्हाई दिसून राहिलं गं," म्हणाली. मी म्हटलं, "नियमात बसत न्हाई, आई." "मंग आसंल," म्हणाली आणि प्रबंध भिंतीतल्या देवळीत ठेवून दिला. त्या दिवसापासून मी तुमचा मनापासून द्वेष करते, सर. तुमच्या शोकसभेत भाषण माझंच होतं, आणि लोक रडले.

तर कपाट. खालच्या कप्प्यात त्या सूचनांचं मूळ पान निघालं. दहाव्या नियमाखाली पांढऱ्या कागदाची बारीक पट्टी डकवलेली होती. नखानं उचलली, तर खाली अकरावा नियम. 'तोंडी माहिती देणाऱ्याचं नाव, गाव आणि भेटीचा दिवस सूचीत अवश्य द्यावा.' पट्टी डकवून तुम्ही झेरॉक्स काढत होतात. पान फाडलं मात्र नाहीत. अस्सल कागद कधी फाडू नये, असं तुम्हीच शिकवायचात, आणि तेवढा एक नियम तुम्ही स्वतः पाळलात. मी ते पान मांडीवर घेऊन बसले आणि ठरवलं, की पुढच्या अंकात हा नियम छापायचा.

गेल्या सोमवारी डोंगरकड्याकडच्या तांड्यावरची एक विद्यार्थिनी लेख घेऊन आली. हळदीच्या बायांवरच. समास बरोबर, वर्षं बरोबर. सूचीत शेवटी तिनं लिहिलं होतं, की 'सासुरवाशीण' हा शब्द पहिल्यांदा कोणी काढला ते तिच्या आजीनं सांगितलं. आजी आणि ती बाई एकाच खळ्यावर होत्या म्हणे. आणि पुढे माझ्या आईचं नाव. गाव हट्टा. कोणाच्या आईचं नाव लिहिलंय, हे त्या पोरीला ठाऊक नव्हतं. मी ते नाव बोटानं वाचलं, आईसारखंच. मग मनात आलं, हे छापलं की कोणीतरी माझा प्रबंध उघडणार, आणि विचारणार, बाई, तुम्हाला तुमची आई माहीत नव्हती का?

"तोंडी माहिती बसत नाही," मी म्हणाले, "सरांचा छापील लेख आहे, तो द्या."

"काहून, मॅडम? शब्द तर त्या बाईचा हाय."

मी लाल पेन घेतलं.

आई अजून आहे, सर. परवाच तिनं विचारलं, आता तू मोठी सायब झाली, आता तरी येईन का नाव. मी म्हटलं, बघते. हे पत्र तुमच्याच कपाटात, त्या पानाखाली ठेवते आहे. त्या पोरीला नियमांची झेरॉक्स द्यायची होती. पट्टीचा डिंक वाळून गेला होता. मी नवा लावला.