हातानं ओढायची रायफल

ताई, नमस्कार.

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. तू पत्रं आईला मोठ्यानं वाचून दाखवतेस आणि मी कुलपांच्या दुकानात आहे असं तिला सांगितलंय. खरं तर मी बंदुकांच्या दुकानात पुसापुशी करतो. पण आजची गंमत तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सकाळी एक आजी नवऱ्याची जुनी पंप रायफल विकायला आल्या. मालकांनी बघताक्षणी मान हलवली. "नव्या कायद्यात ही बंदीच्या यादीत गेली. भंगाराच्या भावानं घेईन."

आजींचा चेहरा एवढासा झाला. मला गप्प बसवेना.

"मालक, बंदी आपोआप गोळी भरणाऱ्या रायफलींवर आहे. हिचा खालचा दांडा दर वेळी हातानं ओढावा लागतो. ही परवान्यावर विकता येते."

"तू कधीपासून वकील झालास?"

"भिंतीवर कायदा लावलाय ना, काच पुसताना रोज वाचतो."

ताई, पाचवीत दोनदा बसलेला तुझा भाऊ हे बोलला! मालकांनी चष्मा लावून, बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. नोकरी गेलीच म्हणून मी फडकं खाली ठेवलं. त्यांनी आजींना पूर्ण भाव दिला आणि माझ्याकडे वळले. "उद्यापासून गिऱ्हाइकांशी तूच बोल."

आजींनी तर जाताना माझा गालगुच्चा घेतला, एवढ्या मिशा असून!

एखाद्या ठिकाणाहून पळून जावंसं न वाटण्याची ही माझी पहिलीच वेळ, ताई.

तुझाच,
भिंगरी