बंद नळाचा जाळ

विजूदादा,

मी वारंगा फाट्याला फहीम मिस्त्रीला आणायला चालले. न्हाणीतल्या गॅसच्या गिझरला हात लावू नको. सिलिंडर मी बंद केलाय. तुझ्या अंघोळीचं पाणी चुलीवर ठेवलंय.

सकाळी न्हाणीतून भप्पकन आवाज आला. झरोक्यातून बघितलं तर गिझर पेटलेला. आबा दारासमोर आईचा टॉवेल घेऊन बसले होते. मी कडीला हात घातला तर म्हणले, "थांब बाई, तुझी आई अंघोळ करून राहिली."

मी आधी सिलिंडर बंद केला, मग दार उघडलं. नळ बंदच होता. मिस्त्री फोनवर म्हणले, बोअरच्या पाण्याचा क्षार बसून व्हॉल्व्ह अडकला असंल, म्हणून नळ बंद असून पेटतो. तसंच असंल. मागल्या हिवाळ्यात झरोका बंद राहिला अन् याच गिझरच्या गॅसनं आई गेली, तेव्हाच आपण तो काढणार होतो. आबांनी काढू दिला न्हाई. आज मी त्यांना न विचारता काढून घेणार हाय.

ते अजून तिथंच बसलेत. उठवू नको, चहा तिथंच दे. समजावायला बी जाऊ नको. मला न्हाई जमलं. दार उघडायच्या आधी माझ्याच तोंडून निघालं, "आई, झालं का तुझं?" अन् मी आतून आवाज यायची वाट बघत उभी राहिले.

प्रतिक्षा