मोठ्याने केलेली प्रार्थना

७ मार्च, शनि.
लेंटची, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातली, प्रार्थनेची संगती आज आमच्याकडे, सॉल्ट लेकला. कलकत्त्यातली आम्ही मराठी ख्रिस्ती म्हणजे सगळी मिळून सहा घरं. शालिनीताई नव्हत्या, मुलाला भेटायला बराकपूरला गेलेल्या. अभिजित तिथे व्यसनमुक्ती केंद्रात आहे हे त्यांनी फक्त मला सांगितलंय. बाकीच्यांसाठी तो ऑफिसच्या ट्रेनिंगला.
शेवटची प्रार्थना माझी. डोळे मिटलेले, शब्द येत गेले, आणि "प्रभू, आमच्या अभिजितला दारूतून सोडव" म्हणून गेले. मग सगळ्यांचं आमेन, नेहमीपेक्षा मोठं.

८ मार्च, रवि.
चर्चमध्ये ताईंना सांगायचं ठरवलं होतं. नाही सांगितलं. त्यांनी नगरहून आलेली शेंगदाण्याची चटणी माझ्यासाठी आणली होती. घेतली.

१२ मार्च
संगतीतल्या सुमनबाई नि रोझीबाई बराकपूरला केंद्र शोधून अभिजितला भेटून आल्या. डझनभर केळी, नवा करार आणि अर्धा तास उपदेश. रोझीबाई फोनवर खुशीत: "एक शब्द बोलला नाही हो, पण मन हललं असणार."
हललं कसलं.

१३ मार्च
अभिजित केंद्रातून निघून गेला. जाण्याआधी आईला एकच फोन: "कुणाकुणाला सांगितलंस, आई?" आता फोन बंद.

१५ मार्च, रवि.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "चुकून बोललीस. हेतू चांगला होता तुझा."
चुकून नाही. ताई मलाच सगळं सांगतात, हे बाकीच्यांना कळायला हवं होतं मला. मेल्या जिभेला प्रार्थनेचीच वेळ सापडली. आणि लेंट म्हणून मी सोडलंय काय, तर चहा!

१८ मार्च
ताईंकडे गेले. दारातच माफी मागितली. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत.
"प्रार्थना तुझ्याकडे मागितली होती गं. सभेत नव्हती मागितली."
मग म्हणाल्या, "आता त्याचं नाव तोंडात घेऊ नकोस." दार लावलं.

२२ मार्च, रवि.
प्रभुभोजन. भाकर नि द्राक्षारस घ्यायला उठले नाही. ह्यांनी कोपराने ढोसलं, तरी नाही. ताई आल्याच नव्हत्या.

२५ मार्च
बारा दिवस. अभिजितचा पत्ता नाही.
दुपारी खोलीचं दार लावून गुडघे टेकले. मनातल्या मनात सुरुवात केली, हे दयाळू स्वर्गीय पित्या... आणि लक्षात आलं, एकटी आहे तरी शब्द छान जुळवतेय. ऐकणाऱ्यांसाठी. थांबले.
साधं कसं मागतात तेच आठवेना. त्याचं नाव घ्यायचं नाही, आणि दुसरं मागायचं काही नाही. गुडघे दुखायला लागले तरी तशीच बसून राहिले.