मागची कडी

बाबा,

कटिंग करून आलात की आधी कानातलं यंत्र लावा आणि फोनपाशी बसा. जेवण नंतर.

ह्यांच्या विमानावरच्या काचेच्या झाकणाची मागची कडी आत्ता माझ्या एप्रनच्या खिशात सापडली. काल घासायला काढली होती, परत बसवायची राहिली. सकाळी हे पुढच्या एकाच कडीवर उडाले. पोचल्याचा फोन तिथल्या धावपट्टीच्या ऑफिसातून आला होता, पण आता तिथे कुणी उचलत नाही आणि ह्यांचा मोबाइल इथेच उशीखाली वाजतोय. चारला ते परत निघतील, तोवर वारा वाढलेला असेल. झाकण हवेत उघडलं तर विमान आवरायचं नाही. मी कडी घेऊन गाडीने निघाले आहे. रस्ता अडीच तासांचा आहे आणि आता पावणेदोन झालेत.

निघण्याआधी ते तुम्हाला फोन करतातच. उडू नकोस म्हणून सांगा. ते हसतील, "तिचं भांडण संपलं नाही वाटतं," म्हणतील.

मागची कडी आतून दिसत नाही. ती लागलेली मी बाहेरून बघते आणि काचेवर तीन थापा मारते, मगच ते इंजिन चालू करतात. आज मी नुसतीच उभी राहिले, तर म्हणाले, "थापा तरी मारशील, की त्यावरही रुसवा?"

त्यांना सांगा, त्या तिन्ही थापा मी मान फिरवून मारल्या.