खोक्यातलं ओलं फडकं

मियोको,

मी डॉक्टरांकडे जातोय, यायला संध्याकाळ होईल. हातावर साबणामुळे पुरळ आलं म्हणालो होतो, ते खोटं होतं. ते उरुशीच्या झाडाच्या चिकाने आलंय. मंगळवारी मी शोगी खेळायला जात नाही, त्याच चिकाने फुटकी भांडी सांधायला शिकायला जातो. शिकवणाऱ्या कुरात्सुजीबाई दर वेळी म्हणतात, "आजोबा, हातमोजे काय खिशात ठेवायला दिलेत?"

गाद्यांच्या कपाटात खाली लाकडी खोका आहे. हा चीक कोरड्या हवेत वाळत नाही, त्याला ओल लागते. दुपारी आतलं फडकं भिजवून, घट्ट पिळून परत ठेव.

उघडलंस की दिसेलच, म्हणून आधीच सांगतो. आत तुझ्या आईचा भाताचा वाडगा आहे. ती गेली तेव्हा तिला घरातून शेवटचं नेताना तू दारात फोडलास, तोच. हात्सुए आत्या म्हणाली होती, "जोरात आपट गं, अर्धवट फुटला तर परत यायची ती." तू रडत रडत आपटलास. रीत आहे ती, तुझं काही चुकलं नाही. सगळे गाडीत बसत होते तेव्हा मी तुकडे रुमालात गोळा केले. काठाचा एक सापडलाच नाही.

आत्याला सांगू नकोस. गेलेलं माणूस परत येत नाही, एवढं मलाही कळतं. पण आलीच, तर जेवणार कशात?

फडकं नाही भिजवलंस, तरी मी काही म्हणणार नाही.

बाबा