उतारावरची कॅसेट

आप्पा, परवा नारायणगावला एका लग्नात शाळेतल्या बाई भेटल्या, रोज तुमच्या जीपनं आपल्या गावाला शिकवायला यायच्या त्या. आता रिटायर झाल्यात, गुडघे दुखतात म्हणतात, पण बोलणं तसंच, एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही. त्यांनी जे सांगितलं ते सांगायला दुसरं कुणी सुचेना, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा विषय निघाला तरी मी दूरच्या ओळखीच्या माणसाबद्दल बोलावं तशी बोलते. एकच गोष्ट डोक्यातून गेली नव्हती. माझी पहिली कॅसेट तुम्ही कधी ऐकलीत का? तुम्ही होतात तेव्हा हे विचारावं एवढं आपलं बोलणं नव्हतं, आणि नंतर विचारायची सोयच राहिली नाही.

ती कॅसेट मी महाळुंग्याला, घरी घेऊन आले तो रविवार मला चांगला आठवतो. पुण्यात मैत्रिणीच्या खोलीत, खिडक्यांना गोधड्या बांधून आम्ही ती रेकॉर्ड केली होती. शब्द माझे, चाली माझ्या, गिटार मीच वाजवलेली. ना तबला, ना पेटी, ना मागं कुणी गाणारं. पुण्यातली माणसं त्याचंच कौतुक करत होती. आई भाकरी थापतेय, तुम्ही भिंतीला टेकून जेवताय, आणि मी फडताळातला टेप खाली घेऊन कॅसेट लावते. तुम्ही घास हातात धरून अर्धं गाणं ऐकता आणि विचारता, "बाकीची माणसं कुठंयत?" कुणी नाही, मी एकटीच आहे, असं मी सांगितलं. तुमचा समज झाला की ठरवलेले वाजवणारे ऐनवेळी आलेच नाहीत आणि पोरीची पंचाईत झाली. मग म्हणालात की तुमच्या ओळखीचा एक ढोलकीवाला आहे, तमाशाच्या फडातला, जीपनंच येतो-जातो, त्याला शब्द टाकतो. मी नको म्हटलं. आई पदर तोंडाला लावून हसत होती, मला मात्र काही हसू आलं नाही. तुम्ही हात धुतलेत, कॅसेट शर्टाच्या खिशात टाकलीत आणि जीपच्या दुपारच्या खेपेला निघून गेलात.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा तुमच्या जीपमध्ये बसले, तेव्हा तीच कर्कश हिंदी गाणी वाजत होती. माझी कॅसेट काचेखाली, तंबाखूच्या डबीशेजारी, उन्हात पडलेली असायची. कव्हरवरचा माझा फोटो पिवळा पडत चालला होता. त्यावर बोलायला सवड तरी कुठं मिळायची? शनिवारी पुण्याहून येऊन एसटीतून उतरायचं, तुमच्या जीपमध्ये पुढं जागा धरायची, आणि गाडी भरल्यावर एखादं कुटुंब पिशव्या सांभाळत पळत आलं की तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणायचात, "तू उतर गं, पुढच्या खेपेला ये." मी उतरायचे आणि टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटवर बसून राहायचे. गाडीतलं कुणीतरी म्हणायचं, राहू द्या की भाऊ, लांबून आलीय पोर. त्यावर तुमचं ठरलेलं, घरचीच हाय, कुठं जातीय. त्या कॅसेटमधलं एक गाणं ह्यावरच आहे. बापाच्या गाडीत सगळ्यांना जागा, मी आपली पुढच्या खेपेला. कार्यक्रमात लोक ह्या ओळीला हसतात, पण लिहिताना मी चांगली चिडलेली होते.

आता बाईंचं ऐका. गावाच्या अलीकडच्या लांब उतारावर तुम्ही डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी तशीच सोडायचात, हे मला माहीत होतं. त्यावरून आई तुमच्याशी कितीदा भांडली होती. माहीत नव्हतं ते पुढचं. बाई म्हणाल्या, मी गाडीत नसले की उतार लागताच तुम्ही हिंदी कॅसेट काढून माझी घालायचात. एरवी इंजिनाच्या आवाजात माझं काही ऐकूच यायचं नाही, इतकं हळू गातेस म्हणे तू. मागची माणसं कुरकुर करायची, ह्यापेक्षा बंद ठेवा म्हणायची, तुम्ही त्यांना गप बसवायचात. उतार संपला की किल्ली फिरवायची, माझी कॅसेट बाहेर आणि हिंदी आत. दुसऱ्या दिवशी जिथं काढली तिथून पुढं. म्हणजे रोज एका उताराएवढी अशी ती सगळी कॅसेट तुम्ही ऐकलीत, दोन्ही बाजूंनी.

मला बरं वाटलं. पण सगळी म्हणजे ते पुढच्या खेपेचं गाणंही आलंच. मी आडून आडून विचारलं. बाईंना पक्कं आठवत होतं, कारण ते गाणं लागलं त्या दिवशी त्यांना शाळेत उशीर झाला होता. उतार संपला, जीप हळू होत होत मोरीपाशी उभी राहिली, आणि तुम्ही किल्ली फिरवली नाहीत. हात स्टिअरिंगवर, नजर समोर. मागून एकानं विचारलं, गाडी बंद पडली का. तुम्ही आधी गाणं संपू दिलंत. मग म्हणालात, "न्हाई, बंद न्हाई पडली. पोरीचं ऐकून घेत व्हतो." आणि गाडी सुरू केलीत.

बाईंना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. त्यांनी वाढप्याकडून आणखी एक जिलेबी मागून घेतली. मी हात धुवायच्या निमित्तानं उठले आणि मांडवामागं जाऊन उभी राहिले. लई बरं वाटलं आप्पा, आणि तितकाच रागही आला. एवढं ऐकून घेतलंत तर एका शब्दानं मला कळवायचं होतंत. आणि त्या आठवड्याच्या शनिवारीसुद्धा तुम्ही मला उतरवलंच असणार, मी तुम्हाला ओळखत नाही का?

लोक अजून विचारतात, पहिला अल्बम इतका साधा, इतक्या हळू आवाजात का केला. मी सांगते की शब्द नीट ऐकू यावेत, मध्ये काही नको होतं, वगैरे. ते माना डोलावतात. हे पत्र कुठं टाकायचं तो पत्ता माझ्याकडं नाही, तेव्हा खरं काय ते इथंच लिहून ठेवते. ते गाणं मी तुम्ही ऐकावं म्हणूनच लिहिलं होतं. रेकॉर्डिंगला बसले आणि मला तुमची भीती वाटली. मी त्या गाण्याला आवाज खाली घेतला, मग ते एकच वेगळं वाटायला लागलं म्हणून सगळीच गाणी तशी गायले. जीपमध्ये तुम्हाला ऐकू जाऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं.